होंडा सिटी व्हीटेक, २००१ : गाडी मूळ स्थितीत आणण्याच्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२४

साताऱ्याच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली २००१ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक आज टोइंगच्या गाडीवरून पुण्यात आणली आणि धायरीच्या शेडमध्ये लावली. गाडी एकहाती आहे, आरसी बुकावर एकच नाव आहे आणि ओडोमीटर १ लाख ३८ हजार किलोमीटर दाखवतो. वयोमानामुळे डॉक्टरांनी चालवणे थांबवल्यापासून गाडी जवळजवळ तीन वर्षे पत्र्याच्या छपराखाली उभी होती. चारही टायर बसलेले आहेत, टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो, हेडलाइट पिवळे पडले आहेत आणि छताचे कापड मागच्या बाजूने लोंबते आहे. मात्र बॉनेट उघडल्यावर मूळ एअर फिल्टरचा डबा, मूळ क्लिपा, बॅटरीवरची मूळ पट्टी आणि कारखान्यात लावलेली स्टिकरे जागच्या जागी दिसली, तेव्हाच मी व्यवहार पक्का केला होता. या मॉडेलच्या ज्या गाड्या आज विक्रीला येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या स्प्रिंगा कापलेल्या असतात, सायलेन्सर बदललेला असतो आणि वायरिंगला जागोजागी काळी टेप गुंडाळलेली असते. इतकी अस्पर्श गाडी मिळणे हे भाग्यच म्हणावे लागेल.

कामाचे धोरण आजच लिहून ठेवतो. शक्ती वाढवायची नाही, आवाज वाढवायचा नाही, उंची कमी करायची नाही. कारखान्यातून बाहेर पडताना गाडी जशी होती, तशी ती शक्य तितकी परत उभी करायची. मी २००१ ते २००८ याच मॉडेलची गाडी चालवली, आणि ज्या गाडीची आठवण इतकी वर्षे मनात आहे, ती गाडी कोणताही फेरफार न केलेली होती.

२३ जून २०२४

आज केवळ धुणे, फोटो काढणे आणि यादी करणे झाले. यादी लांब आहे. ती लिहिताना शेडमध्ये आलेल्या एका तरुण मित्राने विचारले की, एवढे कष्ट घ्यायचेच तर ते जपानच्या एखाद्या खऱ्या स्पोर्ट्स कारसाठी का घेऊ नयेत. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

जपानी कंपन्यांनी १९९० च्या दशकात ज्या वेगवान गाड्या घडवल्या, त्यांतल्या जवळजवळ कोणत्याच तेव्हा आपल्याकडच्या शोरूममध्ये आल्या नाहीत. स्कायलाइन जीटी-आर, आरएक्स-७ किंवा सिव्हिक टाइप आर या गाड्या आमच्या पिढीने मासिकांतल्या चित्रांतच पाहिल्या. त्या परंपरेची जी एक धार पुण्या-मुंबईच्या रस्त्यांपर्यंत पोहोचली, ती सिटी व्हीटेकच्या रूपाने. इकुओ काजितानी या अभियंत्याने होंडामध्ये विकसित केलेले, इंजिन वेगाने फिरू लागले की व्हॉल्व्ह अधिक उघडणारे व्हीटेक तंत्र एप्रिल १९८९ मध्ये जपानमधील इंटेग्रा या गाडीत प्रथम आले. त्या गाडीचे १.६ लिटरचे इंजिन टर्बोविना १६० अश्वशक्ती देत होते, म्हणजे लिटरमागे शंभर. आपल्याकडे सिटी १९९८ मध्ये आली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात ती तयार होत असे, आणि २००० मध्ये तिला १४९३ सीसीचे १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिन मिळाले. आजच्या आकड्यांपुढे १०६ हा आकडा लहान वाटेल. परंतु गाडीचे वजन टनाच्या आसपास होते, आणि त्या काळात रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या याच्या निम्म्या शक्तीवर चालत होत्या.

२००३ मध्ये नवी सिटी आली. तिचे १४९७ सीसीचे इंजिन ७७ अश्वशक्तीचे होते, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते आणि ॲव्हरेज उत्तम होते. खरेदीदारांना तेच हवे होते, त्यामुळे कंपनीचा निर्णय व्यापाराच्या दृष्टीने योग्यच होता. तरीही ज्यांनी जुनी व्हीटेक चालवली होती, त्यांना त्या दिवसापासून आपल्या गाडीची किंमत निराळ्या अर्थाने कळू लागली.

३० जून २०२४

जुने पेट्रोल काढले, टाकी उतरवून आतून धुतली. तळाशी गंजाचा बारीक चुरा होता, भोक मात्र कुठेही नाही. इंधनाच्या सर्व रबरी नळ्या काढून टाकल्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि २००१ च्या नळ्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते आणि शेवटी पाझरू लागते. नव्या नळ्या एसएई जे३० आर९ या मानकाच्या घेतल्या, ज्यांना आतून इथेनॉलला टिकणारे अस्तर असते आणि ज्या फ्युएल इंजेक्शनचा दाब सहन करतात. नाना पेठेत पहिल्या दोन दुकानांत साधी कार्ब्युरेटरची नळी पुढे केली गेली. ज्यांच्याकडे जुनी इंजेक्शनची गाडी आहे, त्यांनी नळीवर छापलेले मानक स्वतः वाचूनच ती घ्यावी, कारण येथे पैसे वाचवणे म्हणजे आगीशी खेळणे आहे.

१४ जुलै २०२४

इंजिन चालू झाले. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले होते आणि पुलीला पाना लावून क्रँक हाताने फिरवून पाहिला होता, त्यामुळे आत काही अडकल्याची भीती उरली नव्हती. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तेव्हाचा दाब, चारही सिलिंडरमध्ये १७० ते १७८ पीएसआय भरले. म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह दोन्ही निरोगी आहेत, आणि इंजिन खोलण्याचा विचार सोडून देता येईल. शेडमधल्या मेकॅनिकने, म्हणजे उस्तादांनी, गेज दोनदा पाहिला आणि म्हणाले, "साहेब, डॉक्टरांनी तेल वेळेवर बदललंय. या इंजिनाला हात लावू नका, नुसतं सांभाळा."

तेलगळती मात्र आहे. हेडच्या कडेला जो व्हीटेकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी तेलाची झडप) असतो, त्याच्या खालून तेल ओघळून गिअरबॉक्सच्या कवचावर साचले आहे.

२१ जुलै २०२४

सोलेनॉइड उतरवला. या छोट्या भागावर थोडे थांबून लिहितो, कारण गाडीचा सगळा स्वभाव याच्यावर टांगलेला आहे.

या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचा (कॅमचा) दांडा, एकच असून प्रत्येक सिलिंडरच्या दोन इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हसाठी तीन रॉकर आर्म, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे हात, शेजारी शेजारी बसवलेले आहेत. इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या कमी असताना बाहेरचे दोन रॉकर आपापल्या बेताच्या उंचीच्या कॅमवर चालतात आणि मधला रॉकर उंच कॅमवर नुसताच हलत राहतो, त्याचा व्हॉल्व्हशी संबंध नसतो. फेऱ्या पाच हजारांच्या आसपास पोहोचल्या, इंजिनावर पुरेसा भार असला आणि कूलंट तापलेले असले, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, या सोलेनॉइडला वीज देतो; तेलाचा दाब रॉकरच्या पोटातल्या बारीक पिना सरकवतो, तिन्ही रॉकर एकमेकांत गुंततात आणि दोन्ही व्हॉल्व्ह मधल्या उंच कॅमच्या हुकमाने उघडू लागतात. व्हॉल्व्ह अधिक वेळ आणि अधिक खोल उघडतात, इंजिन मोठा श्वास घेते. शहरातले शांत इंजिन आणि माथ्यावरचे आक्रमक इंजिन, ही दोन इंजिने एकाच लोखंडात अशी नांदतात.

सोलेनॉइडखालच्या गॅस्केटमध्येच तेल गाळणारी बारीक जाळी असते. काढलेल्या गॅस्केटचे रबर प्लॅस्टिकसारखे कडक झाले होते. नखाने दाबले तर तुकडा पडत होता. जाळीच्या एका कोपऱ्यात काळा थर होता, पण ती पूर्ण बुजलेली नव्हती. कॉइलचा रोध मीटरवर मोजला, तो १४ ते ३० ओहमच्या अपेक्षित मर्यादेत भरला. १२ व्होल्ट दिल्यावर आतला व्हॉल्व्ह ठक्क आवाज करून उघडला. नवे गॅस्केट लावून बोल्ट बेताने आवळले, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि आटे एकदा गेले की काम दहापटीने वाढते.

ज्यांची जुनी व्हीटेक वरच्या फेऱ्यांवर अचानक मंदावल्यासारखी वाटते, त्यांनी इंजिनावर खर्च करण्याआधी तेलाची पातळी आणि ही जाळी तपासावी. तेलाचा दाब पोहोचला नाही, की दुसरा कॅम गुंतत नाही, आणि गाडी मग साध्या दीड लिटरची सेडान होऊन राहते.

११ ऑगस्ट २०२४

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँक व कॅमचे तेलसील बदलले. बेल्टवर भेगा दिसत नव्हत्या, परंतु रबराचे वय किलोमीटरवर ठरत नाही. हे इंजिन असे आहे की बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, म्हणून येथे थांबून पाहण्याला जागाच नाही.

डी मालिकेची ही होंडा इंजिने पुलीच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, आणि बहुतेक इतर गाड्यांवर हात बसलेला कारागीर सवयीने उलटेच फिरवतो. उस्तादांना हे ठाऊक होते. बेल्ट चढवल्यावर त्यांनी क्रँक हाताने पाच-सहा वेळा फिरवून बेल्ट बसू दिला, टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असण्याची) खूण जुळवली, टेन्शनरचा बोल्ट सैल केला, कॅमची पुली तीन दात सरकेल इतका क्रँक फिरवला आणि मगच तो बोल्ट आवळला. त्या वेळी शेडमध्ये कोणी बोलत नव्हते.

२५ ऑगस्ट २०२४

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर, सेट केले. इंजिन रात्रभर थंड ठेवले होते. इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर अंतर ठेवले. एक्झॉस्टचे दोन टॅपेट घट्ट झाले होते, आणि ते असेच राहिले असते तर व्हॉल्व्हची सीट जळाली असती. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, सैल टॅपेट करतो. म्हणूनच "आवाज नाही म्हणजे ठीक आहे" हा निष्कर्ष या इंजिनाबाबत धोक्याचा ठरतो. मधल्या रॉकरची हालचाल प्रत्येक सिलिंडरवर बोटाने दाबून तपासली. सर्व मोकळे आहेत.

१५ सप्टेंबर २०२४

गणेशोत्सवामुळे उस्ताद आणि शेडमध्ये काम करणारी मुले गावी गेली आहेत, काम बंद आहे. या मोकळ्या वेळात माझ्या जुन्या गाडीबद्दल थोडे लिहून ठेवतो, कारण पुढच्या कामाचा क्रम त्यावर ठरवायचा आहे.

ती गाडी चंदेरी रंगाची होती. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, तेव्हा नव्या काँक्रीटवर तिसऱ्या गिअरमध्ये काटा पाच हजारांच्या पुढे सरकला की बॉनेटखालचा सूर बदलत असे. गुरगुर संपून एक ताणलेला, धातूचा आवाज सुरू होई, आणि आपण आधीच जोरात चाललो आहोत असे वाटत असतानाच गाडी पुन्हा एकदा पुढे झेपावे. तो क्षण सांगताना आजही माझे शब्द भरभर येतात. मुलीच्या शिक्षणासाठी आणि घराच्या कर्जासाठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा २००८ मध्ये गाडी विकली. नवा मालक ती घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर वळला, त्या वेळी त्याने गिअर फार लवकर बदलला, हे मी आत उभा राहून ऐकले होते.

परंतु नीट आठवू लागलो की लक्षात येते, तो वरचा सूर रोजच्या चालवण्यात क्वचितच कानी पडत असे. दुसऱ्या गिअरमध्ये पाच हजार फेऱ्या म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग. कर्वे रस्त्यावर ते कधी होणार? मग सात वर्षे रोज सकाळी त्या गाडीत बसताना जो आनंद होत असे, तो कशाचा होता? खाली बसलेल्या बॉनेटमुळे पुढचा रस्ता जवळून दिसत असे, खांब बारीक असल्याने वळणाचा आतला काठ झाकला जात नसे, गिअरचा दांडा दोन बोटांनी जागेवर पडत असे, आणि पाय जरासा हलला तरी इंजिन ताबडतोब उत्तर देई. सगळी गाडी हलकी होती, आणि व्हीटेकचा आवाज त्या हलकेपणाचे टोक होता. यादीत सर्वांत वर इंजिन होते. आता बुश (सांध्यांतली रबरी बाही), माउंटिंग, काचा आणि सीट यांनाही तेच महत्त्व द्यायचे ठरवले आहे.

२० ऑक्टोबर २०२४

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला होता, तेव्हा ती पहिल्या चावीला सुरू झाली. त्यानंतरच्या आठवड्यात ऑक्टोबर हीटच्या दुपारी तासभर उन्हात उभी राहिल्यावर मात्र स्टार्टर फिरत होता आणि इंजिन पकडत नव्हते. संध्याकाळी गार झाल्यावर सुरळीत सुरू झाली.

चावी फिरवल्यावर टाकीतला पंप सुमारे दोन सेकंद गुणगुणला पाहिजे. दुपारी तो गप्प होता. डॅशबोर्डखालचा मेन रिले, म्हणजे पंपाला वीज जोडून देणारा स्विच, काढून उघडला. आतल्या सर्किटच्या पाटीच्या मागच्या बाजूला भिंग धरल्यावर दोन पायांभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग दिसली. तेवीस वर्षे गरम-गार होत राहिलेल्या सांध्याचे असे होणे स्वाभाविक आहे: उष्णतेने भेग उघडते, पंपाची वीज तुटते, गार झाल्यावर सांधा पुन्हा टेकतो. जुने सोल्डर शोषून काढून सर्व पाय नव्याने जोडले. खर्च जवळजवळ शून्य. या एका भेगेपायी जुन्या होंडांचे चांगले फ्युएल पंप आणि डिस्ट्रिब्युटर विनाकारण बदलले जातात, म्हणून ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१० नोव्हेंबर २०२४

डेंटिंग आणि पत्र्याचे काम. मागच्या चाकांच्या कमानींत आणि उजव्या सिलमध्ये (दाराखालच्या पत्र्यात) गंज आहे. एका वर्कशॉपने लांबी (पुट्टी) भरून रंग मारण्याचा सल्ला दिला, तो मानला नाही. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करून घेतला आणि सिलच्या आत मेणाचे अस्तर फवारले. उरलेल्या गाडीचा मूळ रंग तसाच ठेवला आहे. त्यावर ओरखडे आहेत, ते राहतील.

१५ डिसेंबर २०२४

पुढचे-मागचे शॉकॅब, लोअर आर्मचे बुश, इंजिनाची माउंटिंग आणि गिअर लिव्हरखालचे बुश बदलले. काही बुश कुठेच मिळाले नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याने जुन्या नमुन्यावरून स्टीलची बाही फिरवून दिली आणि त्यात रबर भरून घेण्याची व्यवस्थाही केली. पॉलियुरेथेनचे कडक बुश सहज मिळत होते. ते घेतले असते तर स्टिअरिंग अधिक तीक्ष्ण झाले असते, पण प्रत्येक खड्डा कण्यापर्यंत पोहोचला असता, आणि मूळ गाडी अशी नव्हती.

आज संध्याकाळी शेडभोवती एक फेरी मारली. या सगळ्या कामात सर्वांत मोठा फरक कशाने पडला असे कोणी विचारले, तर मी गिअर लिव्हरखालच्या त्या क्षुल्लक बुशांचे नाव घेईन. दांडा पूर्वी खिचडीत डाव फिरवल्यासारखा हलत होता. आता पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधली फट स्पष्ट जाणवते आणि दुसरा गिअर आपण होऊन हात ओढून घेतो.

१२ जानेवारी २०२५

कागदपत्रांचे काम. गाडी माझ्या नावावर झाली, विमा आणि पीयूसी झाले, पर्यावरण कराची पावती फाइलमध्ये लावली. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना आवश्यक असलेल्या एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटीसाठी नोंदणी केली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे पुढची फिटनेस तपासणी २०२६ मध्ये येईल.

९ फेब्रुवारी २०२५

पहाटे पुण्याहून निघून खंबाटकीमार्गे वाई, आणि तेथून पसरणी घाटाने पाचगणी. गाडी लांबच्या रस्त्यावर पहिल्यांदाच बाहेर काढली.

खेड शिवापूरच्या पुढे रस्ता मोकळा होता आणि कूलंटचा काटा मधोमध स्थिरावला होता. दुसऱ्या गिअरमध्ये ४० वरून पाय पूर्ण दाबला. तीन हजारांवर गाडी सरळ, शहाण्यासारखी ओढत होती; साडेचार हजारांवर आवाज दाट झाला; आणि पाच हजारांच्या सुमारास सूर एकदम वरच्या पट्टीत गेला, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर आली आणि काटा जणू ओझे उतरवल्यासारखा वर धावला. नव्वदला गिअर बदलला. शेजारी उस्ताद बसले होते, त्यांनी मांडीवर थाप मारली.

तरीही दिवसातला उत्तम भाग पसरणी घाटाचा होता. तेथे वेग ३५ ते ५० च्या दरम्यान राहिला आणि व्हीटेकचा कॅम एकदाही गुंतला नाही. वळणाआधी ब्रेक, टाचेने किंचित ॲक्सिलरेटर, दुसरा गिअर, आणि नाक ज्या रेषेवर ठेवावे तेथेच राहते. नव्या रबरी बुशांमुळे गाडी झोलते, पण झोलून एका जागी स्थिर होते, आणि पुढच्या चाकांची पकड सुटू लागल्याचे स्टिअरिंग आधीच हाताला कळवते. धोम धरणाचे पाणी डावी-उजवीकडे येत-जात होते आणि बारीक खांबांमुळे ते प्रत्येक वळणावर दिसत होते. २००८ नंतर मी अधिक शक्तीच्या, अधिक सुरक्षित आणि अधिक शांत गाड्या चालवल्या आहेत; त्यांच्यात एअरबॅग आहेत, ज्या या गाडीत नाहीत, आणि कुटुंबाला घेऊन जाण्यासाठी मी त्याच निवडतो. परंतु हातापायांशी इतके थेट बोलणारी गाडी त्यांच्यात एकही नव्हती.

१६ फेब्रुवारी २०२५

प्रवासानंतरची तपासणी. चारही प्लग फिकट तपकिरी आहेत, तेलाची पातळी डिपस्टिकवर जिथे होती तिथेच आहे, सोलेनॉइडखाली कोरडे आहे. डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या ओ-रिंगपाशी तेलाचा ओलसर डाग दिसतो, ती रिंग पुढच्या आठवड्यात बदलेन. छताचे कापड आणि मागच्या दाराची रबरी पट्टी बाकी आहे. पट्टी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका तुटलेल्या गाडीची मिळण्याची शक्यता आहे. गाडीचे दार पाहूनच घ्यावी लागेल, कारण फेसलिफ्टच्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांचे भाग दुकानदार एकाच ढिगात ठेवतात.